पन्हाळ्याची पायी मोहीम आणि बचाव करणाऱ्यांच्या मनासाठी निधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातला वीस-बावीस जणांचा ट्रेकिंग ग्रुप. अग्निशमन दल, १०८ रुग्णवाहिका, पोलीस आणि पुरात उतरणारे स्वयंसेवक यांच्या मानसिक आरोग्यासाठी पाच लाख रुपये उभे करायचे आहेत. बेत असा की जुलैमध्ये पन्हाळा ते पावनखिंड मोहीम काढायची, शंभर लोक चालणार आणि प्रत्येकाने किलोमीटरमागे वर्गणी जमवायची. परवानग्या कोणत्या, पैसे कसे घ्यायचे आणि जमल्यावर ते खर्च कसे करायचे, हे विचारलंय.

उत्तर शेवटच्या प्रश्नापासून सुरू करावं लागेल. अशा मोहिमा चालण्यात फसत नाहीत. कोल्हापूरकर चालतोच, माघात ज्योतिबाच्या खेट्यांना, म्हणजे रविवारच्या पायी वाऱ्यांना, वडणगे, निगवे, कुशिरे करत डोंगर चढणारी माणसं इथे घरोघरी आहेत. फसतं ते नंतर. पैसे जमतात, चेकचा फोटो येतो आणि मग एका सभागृहात प्रेरणादायी व्याख्यान, हजर जवानांना शाल-श्रीफळ आणि उरलेल्या पैशांतून योगाच्या चटया. ज्याला रात्री झोप लागत नाही तो त्या सभागृहात मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवतो आणि घरी जातो. म्हणून मार्ग ठरवण्याआधी समुपदेशकाचे तास ठरवा.

त्रास नेमका कसा असतो हे देणगीदाराला सांगता आलं पाहिजे, म्हणजे आधी तुम्हाला कळलं पाहिजे. पुण्या-मुंबईत बचाव करणारा आणि अपघातग्रस्त सहसा अनोळखी असतात. कोल्हापुरात तसं नसतं. विहिरीतून काढलेला मुलगा पाहुण्यांतला निघतो, महामार्गावर चेपलेल्या गाडीचा नंबर ओळखीचा असतो. मृतदेह काढून आलेला माणूस घरी दोनदा आंघोळ करतो, तरी अंगाचा वास गेला नाही असं वाटून स्वतःच्या पोराला जवळ घेत नाही. दुसरा एखादा ठरावीक वळण टाळायला तीन किलोमीटरचा फेरा मारतो आणि विचारलं की ‘तिकडं ट्रॅफिक असतंय’ म्हणतो. चिडचिड, एकट्याने पिणं, सुट्टी न घेता ड्युटीवर ड्युटी मागत राहणं, ही तशीच लक्षणं. घटनेनंतर पहिले काही दिवस झोप उडणं, प्रसंग डोळ्यांसमोर येणं हे बहुतेकांना होतं आणि बहुतेकांचं ओसरतं. महिना उलटूनही ओसरलं नाही तर तज्ज्ञाकडे जायची वेळ झाली, असं समजा. १०८ चे बरेच कर्मचारी कंत्राटी असतात, त्यामुळे ‘डोक्याचं औषध चालू आहे’ हे वर कळलं तर काम जाईल, ही भीती आजाराइतकीच मोठी असते.

यावरून खर्चाची पहिली अट ठरते: सेवा खात्याच्या बाहेर आणि नाव न उघडता मिळाली पाहिजे. पाच लाखांचा आराखडा साधारण असा बसतो. सत्राला १,००० रुपये धरून समुपदेशनाची ३०० सत्रं, म्हणजे तीन लाख. सहकाऱ्यांपैकीच पंधरा-वीस जणांना दोन दिवसांचं ‘सोबती’ प्रशिक्षण, ६०,०००. त्या सोबत्यांची दर महिन्याला तज्ज्ञाबरोबर बैठक, ४,००० प्रमाणे वर्षाचे ४८,०००. रात्री-अपरात्रीचा फोन आणि प्रवास ४०,०००. हिशेब, लेखापरीक्षण, छपाई २५,०००. उरलेले २७,००० राखीव. दर तुमच्याकडच्या कोटेशनप्रमाणे बदला, पण प्रमाण फार हलवू नका. निम्म्याहून जास्त रक्कम प्रत्यक्ष सत्रांवर गेली नाही तर तो कार्यक्रम झाला, सेवा नव्हे.

सहा सत्रांच्या हिशेबाने ३०० सत्रांत पन्नास माणसं होतात. प्रत्यक्षात काहींना दोन-तीन पुरतात आणि काहींना बारा लागतात, म्हणून माणशी मर्यादा आठ ठेवा आणि पुढची चार समुपदेशकाच्या शिफारशीवर.

दोन गोष्टींवर पैसे घालू नका, कोणी कितीही आग्रह केला तरी. एक, घटनेनंतर सगळ्या तुकडीला बसवून ‘काय पाहिलं ते सांगा’ असं सक्तीने बोलायला लावणारं एकच सत्र. ऐकायला बरं वाटतं, पण याने नंतरचा त्रास टळत नाही, काहींचा वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वंही हे करू नका असंच सांगतात. त्याऐवजी मानसिक प्रथमोपचार: पाहा, ऐका, जोडून द्या. बोलायला भाग न पाडता गरज ओळखायची आणि पुढच्या मदतीपर्यंत पोहोचवायचं. दोन, मोबाइल ॲप. ते बनतं, उद्घाटन होतं आणि तिथेच राहतं.

समुपदेशक निवडताना पाटी बघू नका, कागद बघा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असला पाहिजे. तो मागायला लाजू नका. आघातानंतरच्या त्रासावरच्या उपचारांचं, म्हणजे आघात-केंद्रित सीबीटी किंवा ईएमडीआरचं प्रशिक्षण कुठे घेतलं, हे विचारा. पॅनेलवर किमान तीन जण ठेवा, त्यांत एक तरी स्त्री, कारण महिला पोलीस आणि नर्स पुरुष समुपदेशकासमोर काही गोष्टी बोलणार नाहीत. संध्याकाळी आठनंतरच्या आणि रविवारच्या वेळा आधी लिहून घ्या. आणि एक बारीक गोष्ट जी सगळे विसरतात: हे लोक कॉल आला की अपॉइंटमेंट सोडून जातात. ड्युटीच्या कॉलमुळे बुडालेल्या सत्राची निम्मी फी संस्था देईल, असं करारात घाला. नाहीतर दोन महिन्यांत समुपदेशक वैतागतो आणि त्या माणसाला ‘तुम्ही वेळ पाळत नाही’ हे ऐकावं लागतं.

औषधं लागणाऱ्यांसाठी मानसोपचारतज्ज्ञ हवा. सीपीआर या सरकारी रुग्णालयात ती सोय आहे आणि स्वस्त आहे, पण अडचण अशी की अपघात विभागात रोज पेशंट आणून सोडणारा माणूस त्याच आवारातल्या मानसोपचार ओपीडीच्या रांगेत उभा राहायला धजत नाही. म्हणून खासगी तज्ज्ञाच्या पहिल्या दोन भेटी निधीतून करा आणि पुढे कुठे जायचं ते त्याला ठरवू द्या.

गुप्ततेची व्यवस्था कागदावर अशी उतरवा. मदत हवी असलेला माणूस थेट समुपदेशकाच्या नंबरवर फोन करतो, तुमच्या ग्रुपच्या नव्हे. ओळखपत्र फक्त समुपदेशक पाहतो आणि त्याला ‘को-०१७’ असा क्रमांक देतो. महिनाअखेर संस्थेकडे बिल येतं त्यावर क्रमांक, तारीख आणि रक्कम एवढंच. खोटी बिलं होऊ नयेत म्हणून सहीची नोंद समुपदेशकाकडे बंद पाकिटात राहते आणि वर्षातून दोनदा पॅनेलबाहेरचा एक मानसशास्त्रज्ञ त्यांतली काही पाकिटं तपासून ‘बरोबर’ असं पत्र देतो. देणगीदारांना आकडे सांगताना खात्यानुसार फोड देऊ नका. ‘महिला अग्निशमन कर्मचारी: १’ असं छापलं की शहरात नाव कळायला संध्याकाळ लागत नाही. पाचपेक्षा कमी असलेला कोणताही आकडा एकत्रित संख्येत मिसळा. जिवाला धोका दिसला तर गुप्तता मोडावी लागते. हे पहिल्याच सत्रात समुपदेशकाने सांगायचं आणि पत्रकावरही लिहायचं. त्याच पत्रकावर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोठ्या अक्षरांत छापा. तो चोवीस तास चालतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

सोबती कोण असावेत हे साहेबांनी ठरवायचं नाही. प्रत्येक केंद्रात कोऱ्या चिठ्ठ्या वाटा आणि एकच प्रश्न विचारा: ‘तुला त्रास झाला तर इथे कोणाशी बोलशील?’ ज्यांची नावं पुन्हा पुन्हा येतात तेच. बहुतेक वेळा ते अधिकारी नसतात. जुना फायरमन किंवा १०८ चा पायलट, म्हणजे चालक, असतो. त्याचं काम समुपदेशन नाही. लक्षात येणं, ऐकणं आणि नंबर देणं, बास. दर महिन्याची बैठक त्याच्यासाठी आहे, कारण चार जणांचं ऐकून तोही भरून येतो.

आता तारीख. जुलै नको. बाजीप्रभूंच्या १३ जुलै १६६० च्या लढाईमुळे पन्हाळा-पावनखिंड मोहिमा जुलैत निघतात हे खरं आणि त्या पावसाची मजा वेगळी हेही खरं. पण ज्यांच्यासाठी तुम्ही चालणार ते त्या वेळी पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरची पातळी बघत असतात. इशारा ३९ फुटांना, धोका ४३ ला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. त्या दिवसांत शंभर माणसं निसरड्या वाटेवर नेणं म्हणजे बचाव पथकाला आणखी एक काम. शिवाय पूर आला की देणग्या योग्य कारणाने पूरग्रस्तांकडे वळतात. डिसेंबरचा दुसरा किंवा तिसरा रविवार घ्या. पूर ओसरून तीन-चार महिने झालेले असतात. काहींचा दबून राहिलेला त्रास तोवर वर आलेला असतो आणि लोकांच्या मनात पूर अजून ताजा असतो. माघातले खेट्यांचे रविवार टाळा. त्या भक्तिमार्गावर आपलं बॅनर घेऊन घुसणं लोकांना रुचत नाही, आणि रुचूही नये.

डिसेंबरला एक कटकट आहे: ऊस. आसुर्ले-पोर्ले कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॉल्या पहाटे पन्हाळा रस्त्यावर असतात, मागे दिवा नसलेल्या, दोन-दोन जोडलेल्या. म्हणून सहभागींनी दुचाकीवर पहाटे गडावर यायचं नाही, सगळे बसने. हा नियम मोडणाऱ्याला चालू देऊ नका.

मार्गाबद्दल मत स्पष्ट आहे. पहिल्या वर्षी पूर्ण पावनखिंड नको. ती पन्नासेक किलोमीटरची, दोन दिवसांची, वस्तीची मोहीम आहे. आंबेवाडी-करपेवाडीकडे शंभर जणांचा मुक्काम, जेवण आणि शौचालय यांतच तुमची सगळी शक्ती जाईल. पन्हाळा ते मसाई पठार जाऊन-येऊन करा. गडाच्या राजदिंडी या छोट्या दरवाजातून उतरायचं, तुरुकवाडी, म्हाळुंगे करत पठारावर चढायचं आणि त्याच वाटेने परत. पठारावर किती आत जाता त्यानुसार अंतर वीसेक किलोमीटर भरतं. मोठा फायदा हा की पठारापर्यंत गाडीरस्ता आहे, म्हणजे दमलेल्याला तिथून जीपने आणता येतं. घरच्यांसाठी गडावरच तीन किलोमीटरची छोटी फेरी ठेवा. बचाव करणाऱ्यांची बायका-मुलं त्यात येतात आणि समुपदेशनाची माहिती खरं तर त्यांच्याच हातात पडायला हवी. नवरा रात्री दचकून उठतो हे खात्याआधी तिला माहीत असतं.

डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, सहाच्या सुमारास मावळतो. मोठा गट तासाला तीन किलोमीटरच्या वर जात नाही हे धरून चाला. सव्वासहाला गडावर हजेरी, पावणेसातला सुरुवात. पठारावरचा परतीचा बिंदू अकराला बंद. अकराला जो जिथे असेल तिथून मागे. इथे कोणाचा मान ठेवू नका, मग तो मोठा देणगीदार असो. कारण दुपारी बाराला पठार वेगळंच असतं: उघडा जांभा, सावली नाही, खालूनही झळ. हिवाळा आहे म्हणून लोक टोपी आणत नाहीत आणि पाणी कमी पितात.

पाणी तासाला अर्धा लिटर, म्हणजे माणशी चार लिटर धरा. दोन लिटर प्रत्येकाच्या पाठीवर, दोन पठारावर भरून द्यायचं. शंभर चालणारे आणि वीस कार्यकर्ते मिळून २४० लिटर, म्हणजे २० लिटरचे १२ जार आणि वर दोन जादा. नुसतं पाणी ढोसत राहिलं तरी घात होतो, घामातून मीठ गेलेलं असतं. म्हणून एक लिटरची ओआरएस पाकिटं १५० आणि सोबत शेंगदाणा चिक्की, खारे दाणे, केळी. प्लास्टिकच्या छोट्या बाटल्या अजिबात नकोत. पठारावर पडलेली एक बाटली आणि तिचा फोटो तुमच्या पाच लाखांपेक्षा जास्त फिरेल.

दहा जणांमागे एक नेता, सगळ्यांच्या पुढे एक वाट माहीत असलेला आणि सगळ्यांच्या मागे एक, जो शेवटच्या माणसाच्या मागेच राहील. हा मागचा माणूस बोलका नको, सोशिक हवा. प्रत्येक वळणावर मोजणी. दरीत मोबाइलला रेंज मिळेल या भरवशावर राहू नका. परवाना लागत नाही असे छोटे वॉकीटॉकी चार घ्या आणि आदल्या आठवड्यात त्याच वाटेवर चालवून बघा. राजदिंडीची उतरण गुडघ्यांची परीक्षा घेते, पहिल्या अर्ध्या तासात पडण्याची शक्यता सगळ्यात जास्त तिथेच. दोन नेते तिथे उभे करा आणि घाई करू देऊ नका. प्रथमोपचार पेटीत क्रेप बँडेज सहा, फोडांसाठी चिकटपट्टी भरपूर, जंतुनाशक, ग्लुकोज, थर्मल चादर, ॲलर्जीच्या गोळ्या डॉक्टरच्या ताब्यात. सर्पदंश झाला तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही नाही. अवयव न हलवता, माणसाला न चालवता खाली आणायचं आणि थेट दवाखाना. वाटेत आग्या मोहोळ असेल तर शेकोटी, धूर, अत्तर, गोंगाट सगळं बंद. भल्या सकाळी गवा दिसला तर थांबायचं आणि त्याला वाट द्यायची, सेल्फी नाही.

रुग्णवाहिका भाड्याची घ्या. ‘१०८ वाले आपलेच आहेत, एक गाडी उभी करतील’ हे बोलूही नका. राज्यभरात ही सेवा २०१४ मध्ये ९३७ गाड्यांवर सुरू झाली. त्यांतली एक गाडी तुमच्या झेंड्याजवळ उभी असताना वाघबीळला अपघात झाला तर?

झेंड्यावरून आठवलं: सुरुवात सायरनने करू नका. फटाकेही नकोत. उत्साही मंडळींना अग्निशमनच्या बंबाचा सायरन वाजवून मोहीम सोडायची कल्पना हमखास सुचते. ज्याच्या छातीत त्याच आवाजाने धडधड होते तो गर्दीत उभा असतो. बचावाचं प्रात्यक्षिक नको आणि मंचावर कोणाला ‘तुमचा सगळ्यात कठीण प्रसंग सांगा’ म्हणून माइक देणं तर नकोच. ‘आमचे वाघ’, ‘न डगमगणारे योद्धे’ ही भाषा पोस्टरवरून काढा. वाघाला रडता येत नाही, हीच तर अडचण आहे. बचाव करणाऱ्यांना फी माफ, निधी जमवायचं लक्ष्य नाही, गणवेशाची सक्ती नाही, आणि फोटो विचारूनच. त्यांना आणायला वरिष्ठांकडून हुकूम काढून घेऊ नका. हुकमाने आलेली पन्नास माणसं म्हणजे पन्नास बुडालेल्या सुट्ट्या.

परवानग्यांचं काम कंटाळवाणं पण सोपं आहे. दीड महिना आधी पन्हाळा पोलीस ठाणं, पन्हाळा नगरपरिषद, वन विभाग आणि वाटेवरच्या ग्रामपंचायतींना एकाच नमुन्याचं पत्र: तारीख, वेळ, माणसं, मार्गाचा नकाशा, जबाबदार दोन नावं, कचऱ्याची व्यवस्था. पठार संवर्धन राखीव क्षेत्र आहे, त्यामुळे वन विभागाच्या अटी शब्दशः पाळा. पन्हाळा संरक्षित स्मारक तर आहेच, जुलै २०२५ पासून मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारशाच्या यादीतही आहे. तीन दरवाजावर किंवा तटाला बॅनरची दोरीसुद्धा बांधायची नाही. ड्रोनचा हट्ट असेल तर त्याची वेगळी परवानगी, नसेल तर सोडून द्या. सहभागींकडून फी घेऊन ट्रेक नेणार म्हणजे राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाची चौकट लागते; नोंदणी असलेल्या संस्थेला बरोबर घेतलं की हा भाग सुटतो आणि गटविमाही त्यांच्यामार्फत लवकर निघतो.

पैशाची बाजू. ग्रुपच्या नावावर किंवा कोणाच्या वैयक्तिक क्यूआर कोडवर एक रुपयाही घेऊ नका. नोंदणीकृत विश्वस्त संस्था जोडीला घ्या जिच्या घटनेत आरोग्य किंवा आपत्ती मदत हा उद्देश आहे, आणि तिच्या खात्यात या निधीची वेगळी खातेवही ठेवायचा लेखी करार करा. संस्था नसेल तर गणेश मंडळं घेतात तशी धर्मादाय कार्यालयाची कलम ४१ क ची परवानगी लागते. ती त्या एका कामापुरती असते, आणि त्यावर देणगीदाराला आयकराची सवलत मिळत नाही. वर्षभर चालवायच्या सेवेसाठी संस्थाच बरी.

८०जी ची, म्हणजे देणगीदाराला आयकरात वजावट मिळवून देणारी, मान्यता असलेली संस्था असेल तर तीन गोष्टी पावतीच्या वेळीच सांभाळा. नाव, पत्ता, पॅन तिथेच लिहून घ्या, कारण संस्थेने वर्षाअखेर देणगीदारांचं विवरण भरल्याशिवाय वजावट मिळत नाही. २,००० च्या वरच्या रोख देणगीला वजावट नाही. आणि नव्या करप्रणालीत गेलेल्या माणसाला ती मुळातच मिळत नाही, त्यामुळे ‘टॅक्स वाचेल’ हे सरसकट सांगत फिरू नका. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आहे, कलमांचे क्रमांक बदललेत. पावतीचा मजकूर सीएकडून तपासून घ्या. परदेशातल्या कोल्हापूरकरांचं वेगळं आहे: भारतीय पासपोर्ट असलेल्याने बँकेमार्फत स्वतःच्या बचतीतून दिलं तर अडचण नाही, पण परदेशी नागरिकत्व घेतलेल्याचा पैसा एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी नसलेल्या संस्थेने घ्यायचा नाही. तो सख्खा भाऊ असला तरी.

सहभागाची फी आणि देणगी एकत्र करू नका. फीच्या बदल्यात जेवण, बस, विमा मिळतो, म्हणून ती देणगी नाही. शंभर जणांचा खर्च अंदाजे असा: तीन बस २४,०००, नाश्ता-जेवण १२० जणांचं २४,०००, पाणी आणि ओआरएस ३,०००, रुग्णवाहिका नर्ससह ८,०००, प्रथमोपचार ५,०००, विमा १०,०००, परवानग्या आणि कचरा ४,०००, छपाई ५,०००. एकूण ८३,०००. माणशी ९०० रुपये फी घेतली की मोहीम स्वतःच्या पायावर उभी राहते आणि देणगीतला प्रत्येक रुपया सेवेला जातो, असं छातीठोकपणे सांगता येतं. टी-शर्ट छापण्याचा मोह आवरा. शर्टाला २५० रुपये धरले तर शंभर शर्टांत पंचवीस सत्रं जातात. परत आल्यावर तांबडा-पांढऱ्याचा बेत कोणी स्वखुशीने देत असेल तर घ्या, मात्र दारू, गुटखा, ऑनलाइन जुगारवाल्यांचं प्रायोजकत्व नाही. ज्या त्रासातून लोकांना बाहेर काढायचंय त्यातच हे धंदे पैसे कमावतात.

किलोमीटरमागे वर्गणीची कल्पना कागदावर छान दिसते, वसुलीत मार खाते. ‘वीस किलोमीटर चाललो, पन्नासप्रमाणे हजार द्या’ असं मोहिमेनंतर सांगायला गेलं की माणूस फोन उचलत नाही. रक्कम आधी घ्या, चालणं नंतर. प्रत्येक चालणाऱ्याला ५,००० चं लक्ष्य आणि सहा आठवड्यांची मुदत द्या. त्याला पहिल्याच दिवशी पंचवीस नावांची यादी लिहायला लावा, बॅचचे मित्र, पाहुणे, सोसायटी, दुकानदार. त्यांतले दहा-बारा देतात. ग्रुपवर टाकलेल्या मेसेजला अंगठे येतात, पैसे येतात ते नाव घेऊन वैयक्तिक पाठवलेल्याला. मजकूर असा ठेवा: ‘दादा, डिसेंबरात रविवारी मी पन्हाळा ते मसाई चालतोय. १,००० रुपयांत पुरात काम करणाऱ्या एका माणसाला समुपदेशनाचं एक सत्र मिळतं. माझ्या नावावर पाच सत्रं व्हावीत असं ठरवलंय, तीन झालीत. तुमच्याकडून एक होईल का? संस्थेचा क्यूआर सोबत आहे, पावती लगेच मिळेल.’ ‘यथाशक्ती मदत करा’ याला एकशे एक रुपये येतात.

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या कारखानदारांकडे जाताना सीएसआर (कंपन्यांनी कायद्याने समाजकार्यावर करायचा खर्च) या शब्दाने सुरुवात करू नका. तो कायदा ठरावीक मर्यादेच्या वर नफा, उलाढाल किंवा नक्त मालमत्ता असलेल्या मोठ्या कंपन्यांना लागतो. बहुतेक फौंड्र्या त्यात बसत नाहीत आणि मालकाला उगाच कागदांची भीती बसते. त्याला सोपं सांगा: भट्टीवर अपघात झाला तर पहिला कोण येतो? दहा माणसांचा उपचार, साठ हजार, एक चेक. जी मोठी कंपनी सीएसआरमधून देणार असेल ती संस्थेची सीएसआर-१ नोंदणी विचारेल, ती आहे का ते आधी बघून ठेवा.

रोख वर्गणीला छापील क्रमांकाची पावती पुस्तकं, कोणाकडे कोणतं पुस्तक गेलं त्याची वही, आणि दर शनिवारी दोघांनी मिळून मोजणी. मोहिमेनंतर दहा दिवसांत सगळी पुस्तकं परत, कोरी पानंसुद्धा.

पहिले दोन-तीन महिने फोन जवळजवळ येणार नाहीत, याची तयारी ठेवा. विश्वस्त अस्वस्थ होतात, ‘पैसे पडून आहेत, निदान एक शिबिर तरी घेऊ’ म्हणतात. तिथे ठाम राहा. आधी एक-दोघे जाऊन येतात, कुठे बातमी फुटली नाही हे बाकीचे बघतात आणि मग येतात. ते तीन महिने सोबत्यांच्या बैठका आणि घरच्यांपर्यंत पत्रक पोहोचवणं यासाठी वापरा. सहा महिन्यांनी फक्त चार आकडे जाहीर करा: जमलेली रक्कम, झालेली सत्रं, आलेली माणसं, शिल्लक. वर्षाच्या शेवटी शंभरच्या वर सत्रं शिल्लक असतील तर दुसऱ्या वर्षी मोहीम काढू नका. आधी सेवा का वापरली गेली नाही हे सोबत्यांना विचारा. वेळा चुकीच्या असतील, जागा खात्याच्या फार जवळ असेल किंवा कोणीतरी कुठेतरी नाव फोडलं असेल. शेवटचं निघालं तर त्या समुपदेशकाला पॅनेलवरून काढा आणि तसं सगळ्या केंद्रांना लेखी कळवा.